जळगावचं घड्याळ, शिकागोचं घड्याळ

फोनवर एक वाक्य बोलून झालं की नाना उजवा तळहात वर धरायचे. मग खोलीत कुणी हूं की चूं करायचं नाही. "थांब, बोल समुद्रावरून जाऊ राह्यला," म्हणायचे. परदेशी फोनचं तेव्हा तसंच होतं. इकडचं बोलणं पोचून उत्तर यायला जरा वेळ लागायचा. उत्तर आलं की हात खाली. तुमच्याही गल्लीत असे एखादे नाना असतील, आठवून पाहा.

जळगावात आमच्या गल्लीत फोन फक्त माझ्याकडे होता. नाना मूळचे असोद्याचे, भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या गावचे. बायको गेलेली, एकुलता मुलगा शिकागोला, आणि हे समोरच्या दोन खोल्यांत एकटे. दर रविवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून माझ्याकडे फोनची वाट बघत बसायचे. त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं होती, एक जळगावचं, एक शिकागोचं. "आपला वापरलेला दिवस त्याहिले जातो," ते मला समजावत. "अठी रविवार उजाडला, तठी अजून शनिवारची रात्र. अमेरिका असो का कोनी असो, उष्टाच दिवस भेटतो."

वांग्याच्या बाबतीत तर शिकागोची काही धडगतच नसे. "तठी वांगं भेटतं, पन काळं, आपल्यावानी हिरवं नाही. त्याचं का भरीत होतं?" आणि गंमत म्हणजे मुलगा गेल्यापासून या असोद्याच्या माणसानं भरीत तोंडाला लावलं नव्हतं. हिवाळ्यात शेतावर कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात, आम्ही आडवा हात मारत असू, आणि नाना ठेच्याशी भाकरी खात. "पोऱ्या आला का संगंच खाऊ." पोऱ्या फोनवर सांगे, "पुढच्या हिवाळ्यात नक्की, नाना."

एका रविवारी नानांनी विचारलं, "थंडी कशी हाये?" हात वर जायच्या आत उत्तर आलं. मलाही ऐकू आलं. "खूप बर्फ पडतोय, नाना."

नानांचा हात अर्ध्यातच राहिला. म्हणाले, "स्वेटर घालत जाय." फोन ठेवला आणि माझ्याकडे न पाहता चपला शोधू लागले. "लाईन सुधरली वाटते," एवढंच बोलले.

पुढे माझ्या भाच्यानं नानांच्या मुलाला पुण्यात पाहिलं. बायकोपोरांसह कायमचा परतून फ्लॅटमध्ये राहायला आलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला जवळ ठेवावं लागेल म्हणून पठ्ठ्यानं समुद्र तसाच मधे ठेवला होता, दुसरं काय! पुढच्या रविवारी फोनवरच त्याला फैलावर घ्यायला निघालो, तर नानांनी माझा हात धरला.

"काही बोलू नको, भाऊ. त्याले वाटते मले ठावं नाही. म्हनून तरी फोन करू राह्यला."

त्या हिवाळ्यातही नानांनी भरीत खाल्लं नाही. फोनवर बोलताना हात आता मांडीवरच असायचा.

एका शनिवारी रात्री ते झोपेतच गेले. सकाळी नेहमीसारखा फोन आला, मी सांगितलं. "अमेरिकेहून यायचा म्हणजे दोन दिवस तरी," लोक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो. दिवस मावळायच्या आत तो दारात उभा होता.

सगळं आटोपल्यावर तो नानांच्या खोलीत आला. डोळे पुसत भिंतीकडे पाहिलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती.

"शिकागोचं घड्याळ चुकलंय," तो म्हणाला.

"चुकलेलं नाही," मी म्हणालो. "ज्या रविवारी तुझं उत्तर लगेच आलं, त्या रविवारी नानांनी स्वतःच्या हातानं ते जुळवलं."