कोरडा पंप आणि हरकतींचा गठ्ठा

पेट्रोल उधळणे हे पाप आहे, असे मी एका पत्रकात छापले होते आणि मी जे छापते ते पाळते. म्हणून बाबांच्या जुन्या गाडीत मी एका वेळी दोनच लिटर पेट्रोल घालायचे. काट्याशेजारचा लाल दिवा वर्षभर पेटलेला असे आणि मला त्याचा अभिमान वाटे.

त्या सकाळी खनिजाच्या ट्रकांविरुद्ध शिरगावच्या गावकऱ्यांनी सह्या केलेल्या हरकती घेऊन मी डिचोलीला निघाले. अकरापर्यंत तिथल्या सरकारी कार्यालयात पोचल्या नाहीत, तर त्या बाद होणार होत्या. साडेदहाला गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून खनिजाचाच ट्रक आला. ड्रायव्हर बेळगावकडचा. त्याने चावी फिरवून मागच्या सीटशी, टाकीच्या वर, कान लावला.

"पंप गेला, ताई. टाकी कधी फुल्ल करता का नाही?"

"तत्त्व म्हणून करत नाही."

"तत्त्व असू द्या की. पण पंप टाकीतच बसलेला असतोय, पेट्रोलनंच गार राहतोय. तुम्ही त्याला कोरडा भाजलाय, वर तळाचा गाळ पाजलाय."

दोर बांधून त्याने मला त्याच्याच धुळीतून ओढत नेले. कार्यालयापाशी दोर सोडताना विचारले, "कागद कसले?"

"रस्त्याचे."

"बरं केलंत. लई खराब झालाय."

अकराला पाच मिनिटे असताना मी हरकती दिल्या. पहिलीच मागणी ट्रक बंद करण्याची होती. त्यातले एक अक्षरही मी खोडले नाही. बाहेर येऊन त्याचे आभार मानायचे धाडस मात्र झाले नाही.