डाव्या कडेचा लाल ठिपका

झेंडूच्या फुलांचा वास आला की मला अजून हसू फुटतं. खंडेनवमी होती. राहात्याला मित्राच्या घरी, पेरूच्या बागेकडच्या खोलीत, आम्ही दोघं कोड एडिटरसाठी एक एक्स्टेन्शन बनवत होतो. ज्या ओळीत चूक असेल तिच्या डाव्या कडेला लाल ठिपका उमटवायचा, एवढंच त्याचं काम. पुण्याचे एक साहेब व्हिडिओ कॉलवर ते बघणार होते आणि पसंत पडलं तरच आम्हाला पुढचं काम मिळणार होतं. घरातल्या अवजारांची पूजा आटोपली, आम्ही डीबग करायला बसलो, आणि पहिल्याच बिनचूक ओळीशी लाल ठिपका! ओळ काढून टाकली, ठिपका तिथंच. पान वर सरकवलं, तर तो पुढच्या ओळीला चिकटला. "ह्यो तर माझ्या मेव्हण्यासारखा हाय, हलतच न्हाई!" मित्र कळवळला. सगळा कोड उलटापालटा करून झाला, तेवढ्यात साहेबांचा कॉल आला. मी स्क्रीन शेअर केली आणि रडवेल्या आवाजात ठिपक्याबद्दल माफी मागितली. "कुठला ठिपका? मला तर सगळं स्वच्छ दिसतंय," साहेब म्हणाले. मित्रानं कॉम्प्युटरच्या काचेवर बोट फिरवलं, तर बोटच लाल. "आवो, पुसताय काय? ट्रॅक्टरला लावलं तसं त्यालाबी कुंकू लावलंय मी!" वहिनी दारातून ओरडल्या. साहेब हसता हसता कॅमेऱ्यातून खाली गेले आणि वर आले ते "काम तुमचंच" म्हणत. आता माझे केस पिकायला लागलेत, पण प्रोग्राम अडला की मी आधी काच पुसतो, मग अक्कल चालवतो.