काळोखबाईंचा तारा

तारांगणातल्या ऑपरेटर बाईंना सगळे काळोखबाई म्हणत, आणि बाईंनाही ते नाव मनापासून आवडे. घुमटाखाली अंधार करायचा आणि प्रोजेक्टरने त्यात आभाळ मांडायचं, यात त्यांची उभी हयात गेली होती.

गेली काही वर्षं त्यांनी एकच धोशा लावला होता: एक तरी खेळ एका अंधूक पांढऱ्या ताऱ्यावर करू द्या. "तो कुणाला दिसणार, बाई?" म्हणून तारांगणाचे साहेब उडवून लावत. अखेर कंटाळून ते हो म्हणाले. "लोकांना दिसला तर खेळ ठेवू. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दुपारच्या खेळाला बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. लोक बसले, दिवे मालवले, उजेडाचा बाण नेमका ताऱ्याशी नेऊन त्या म्हणाल्या, "हा बघा."

"कुठे? काहीच नाहीये तिथे," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बाईंनी पुन्हा वर पाहिलं. त्यांना तर तो स्वच्छ दिसत होता. मग एकदम लक्षात आलं: आपण सकाळपासून अंधारात, आणि ही मंडळी आत्ता रणरणत्या उन्हातून आत आलेली.

कागद बाजूला सारून त्या बोलत सुटल्या. "डोळ्यांना जरा वेळ द्या, तोवर ऐका. हा मिणमिणता दिसतो, पण गडी भारी आहे. वजन सूर्याच्या दुप्पट, उजेड वीसेक पट. इतका तापलाय की पांढरा दिसतो. पोटात हायड्रोजन जाळतो, सूर्यासारखाच, म्हणून दोघं मुख्य अनुक्रम नावाच्या एकाच घराण्यातले. पण जळण उधळण्यात याचा हात फार सढळ. सूर्याच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा जगेल. अंधूक का? तर लांब आहे, एवढंच. आता रोखून नका बघू, नजर थोडी बाजूला ठेवा; अंधूक गोष्ट डोळ्याच्या कडेने बरी दिसते."

"दिसला," पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. मग डावीकडून कुणी, उजवीकडून कुणी. बाईंना आनंदाने नाचावंसं वाटलं.

"मला नाही दिसत," आजींच्या शेजारी बसलेले साहेब म्हणाले. त्यांच्या हातात मोबाइल उजळलेला होता.

"अहो, तो फोन ठेवा की खिशात," आजी करवादल्या. "तुमच्यापायी माझाही तारा जाईल."

मोबाइल विझला. बाईंनी पुढचं चित्र लावलं नाही. सगळं सभागृह साहेबांच्या डोळ्यांसाठी खोळंबलं.

"थेट नाही, बाजूला बघा," कुणीतरी हळूच सांगितलं.

बऱ्याच वेळाने अंधारातून साहेबांचा आवाज आला, "बाई, दिवे इतक्यात लावू नका."