गेटवर न आलेली बाई

गावातली खाण चालू होती तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ती बंद पडली, गंजली, तिच्यात पाणी साचलं, आणि मग लोक तिकीट काढून तिला बघायला येऊ लागले. चौकाचौकात पाट्या लागल्या. इकडे खाण, तिकडे संग्रहालय, पुढे साहेबांचा बंगला, मागे कामगारांची वस्ती. वस्तीतल्या माणसांना आपण प्रेक्षणीय आहोत हे पाटी वाचूनच कळलं.

त्या वस्तीतल्या शेवटच्या खोलीत पाषाणमावशी राहत. हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर सगळे नुसतं मावशी म्हणत. नाव पडलं ते खाणीच्या भोंग्यामुळे. भोंगा दोन तऱ्हांनी वाजायचा. एकच लांब वाजला, की पाळी सुटली. तुटक तुटक वाजला, की खाली काहीतरी घडलं. तुटक भोंगा कानावर पडला की वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका हातातलं टाकून गेटकडे धावत सुटत, कुणी पिठाच्या हातांनी, कुणी एकाच पायात चप्पल घालून. मावशी तेवढ्या जात नसत. त्या शेगडीपाशी बसून राहत. ‘गेलेला काय धावल्यानं परत येतो?’ असं त्या म्हणाल्याचं एकीनं ऐकलं होतं. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या, पण वस्तीत म्हणणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं जास्त चालतं.

मोठा अपघात झाला तेव्हा मावशींचे यजमान, म्हणजे काका, दोन दिवस खाली अडकले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे वर काढले तेव्हा सोबतच्या प्रत्येकाच्या गळ्यात कुणी ना कुणी पडलेलं होतं. काकांनी मान वर करकरून गर्दी पाहिली. त्यांच्यासाठी कुणी नव्हतं. ते एकटे चालत घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच पालुपद बसलं. भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणायचे, गेटवर आली नाहीस ते नाहीस, निदान मीठ तरी बघून घालायचंस. मुलीला सासरी पाठवताना सगळे डोळे पुसत होते, तेव्हा हे म्हणाले, नवऱ्याला आणायला गेटपर्यंत जात जा गं, आईवर जाऊ नकोस. खाण बंद झाली, काकांचे केस पिकले, छाती वाजू लागली, पण पालुपद ठणठणीत होतं.

मावशींनी कधी उत्तर दिलं नाही, आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. कारण उत्तर होतं. मावशी लहान असताना त्यांचा बापही खाणीतच होता. एकदा तुटक भोंगा झाला, आई गेटवर धावली, आणि मागे शेगडी विझली. तिच्यावर बापाच्या आंघोळीचं पाणी होतं. ते गार झालं आणि बाप आला नाही. पोरीनं मनाशी हिशेब मांडला: पाणी गार झालं म्हणून बाप आला नाही. पाणी तापत असेल तर माणसाला यावंच लागतं. हिशेब खुळा होता हे त्यांना पुढे कळत होतं, पण खुळा आहे म्हणून मोडून बघायची छाती कुणाची होते? म्हणून भोंगा झाला की मावशी तांब्याचा मोठा हंडा शेगडीवर चढवत आणि त्याच्यासमोरून हलत नसत. ते दोन दिवस त्या निजल्या नाहीत. पाणी आटलं की नवं घालायच्या, कोळसा संपत आला तेव्हा पाट फोडून जाळला. काका आले, आंघोळीला बसले, आणि पहिला तांब्या अंगावर घेताच ओरडले, की माणूस मरणाच्या दारातून आलाय आणि ही त्याला सोलून काढतेय. घरात पाट का नाही हे त्यांनी विचारलं नाही.

सांगावंसं मावशींना पुष्कळदा वाटलं. पण काका कामावर होते तोवर सांगितलं तर त्यातला गुण जाईल अशी धास्ती होती, आणि निवृत्त झाले तेव्हा ते सांगणं शिळं झालं होतं. शिवाय हसले असते तर? शिव्या परवडल्या, पण त्या बाईला हसणं सोसलं नसतं.

तर अशा या घरी मुलीचे सासू-सासरे पाहुणे आले. त्यांना गाव बघायचं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. सगळा जन्म खाणीच्या सावलीत काढून मावशींनी संग्रहालयाचा उंबरा ओलांडला नव्हता. पण विहीणबाईंपुढे नाही कसं म्हणणार? खाणीत उतरायचे दोन पास घरात होतेच. संग्रहालयवाले जुन्या वस्तू मागत दारोदार फिरले होते, तेव्हा मावशींनी तो तांब्याचा हंडा देऊन टाकला होता. गॅस आला, भोंगा मुका झाला, आता नुसती जागा अडवतो, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याच्या बदल्यात हे पास.

सकाळी चौघांनी साहेबांचा बंगला पाहिला. मग ‘कामगाराचे घर’ पाहिलं. हुबेहूब मावशींच्याच खोलीएवढी खोली, फक्त दोरी बांधलेली. विहीणबाईंनी दोरीवरून वाकून पाहिलं आणि कळवळून म्हणाल्या, एवढ्याशा जागेत माणसं राहायची तरी कशी? दुपारी त्यांना आपल्याच घरी जेवायचंय हे मावशींनी लक्षात आणून दिलं नाही. त्यांचं लक्ष शेगडीवरच्या हंड्याकडे होतं. त्याला चिंच लावून इतका लखलखीत केला होता की पोटावरचा काळा थर नाहीसा झाला होता. खाली पाटी होती: ‘पिण्याचे पाणी साठवण्याचे भांडे’. मावशींनी हात पुढे केला तर पहारेकऱ्यानं हटकलं, आजी, वस्तूंना हात लावायचा नाही.

जेवणानंतर काका आणि व्याही पिवळी टोपी घालायला खाणीकडे गेले. जाताना काकांनी संधी साधलीच. आम्ही खाली जातोय बरं का, म्हणाले. गेटवर येण्याची तसदी घेऊ नका. व्याही मोठ्यानं हसले. मावशींनी चहाचं आधण ठेवलं आणि विहीणबाई सुनेच्या तक्रारी गोड शब्दांत बांधून सांगायला बसल्या.

त्याच दिवशी संग्रहालयाच्या नव्या मॅनेजरनं भोंगा दुरुस्त करून घेतला होता. पर्यटक वर येताना काहीतरी थरारक हवं असं त्याच्या मनानं घेतलं होतं. एक लांब भोंगा त्यानं वाजवून पाहिला, तो त्याला मिळमिळीत वाटला. म्हणून त्यानं तुटक वाजवायला सांगितलं.

पहिल्या तुटक आवाजाला मावशी उठल्या. हात सवयीनं कोपऱ्याकडे गेला, जिथे हंडा असायचा. तिथे विहीणबाईंची बॅग होती. मावशींनी ती उचलून बघितली, जणू हंडा तिच्याखाली दडला असावा, आणि खाली टाकली. भोंगा वाजतच होता. घरात चहाचं पातेलं होतं, त्यात चार कप पाणी. एवढ्याशा पाण्यावर कुणी माणूस वर येतो? हंडा दोरीच्या पलीकडे होता, खाली माणूस होता, आणि घरात करण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. तेव्हा पाषाणमावशी धावल्या.

वस्तीत उरलेल्या तीनचार म्हाताऱ्याही आपापल्या दारातून निघाल्या होत्या, सवयीच्या पायांनी. त्यांनी पाहिलं तर मावशी सगळ्यांच्या पुढे, अनवाणी, पदर सुटलेला. त्या सगळ्या गेटला जाऊन भिडल्या. आत पर्यटक उभे होते. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर धरले, आणि एकानं मावशींना थोडं इकडे तोंड करायला सांगितलं.

इतक्यात लोखंडी पिंजरा वर आला. त्यातून पिवळ्या टोपीतले व्याही उतरले आणि मागून काका, दोघंही खुशीत. काकांची नजर गेटवर गेली. त्यांनी टोपी काढली, डोळे बारीक केले. मग व्याह्यांना कोपरानं ढोसून म्हणाले, “बघा, आली की नाही शेवटी!” आणि हसत हसत पुढे आले. जवळ येऊन पाहिलं तर बायकोच्या हातांनी गेटचे गज धरलेले, आणि ते सुटत नव्हते.

“अगं, तमाशा आहे हा यांचा,” काका म्हणाले. “एवढं काय झालं? अपघातात आली नाहीस आणि आज...”

“हंडा नव्हता घरात,” मावशी म्हणाल्या.

“कसला हंडा?”

“पाण्याचा. तुमच्या पाण्याचा. तो इथे ठेवलाय यांनी.” मावशींना दम लागला होता. “भोंगा झाला की मी पाणी ठेवायची. गार होऊ द्यायचं नाही, मग माणूस येतो. आज ठेवायला काही नव्हतं, म्हणून आले.”

काका हसणार होते, तोंड तसं झालंही होतं. मग ते तसंच राहिलं.

“त्या दिवशी पाणी कढत होतं,” ते सावकाश म्हणाले.

“दोन्ही दिवस होतं.”

काकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. घरातला पाट कुठे गेला, हे त्यांनी इतक्या वर्षांनी विचारलं. मावशींनी सांगितलं. व्याही मध्येच काहीतरी विनोद करायला आले आणि काकांचं तोंड पाहून मागे सरले.

मग मॅनेजर धावत आला. तो फार खूश होता. लोकांना हे सगळ्यात जास्त आवडलंय, म्हणाला. या आजींनी रोज चार वाजता असंच धावत यायचं, अनवाणीच, मानधन मिळेल. बाकीच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मॅनेजरनं मावशींकडे बोट दाखवलं. या पुढे हव्यात, म्हणाला, यांचं धावणं अगदी खरं वाटतं.

मावशी काही बोलायच्या आत काकांनी आपल्या चपला काढून त्यांच्या पायांपुढे सरकवल्या.

“तिला जमायचं नाही,” ते मॅनेजरला म्हणाले. “ती कधी गेटवर येत नाही. तिला घरी पाणी ठेवायचं असतं.”