धुराड्याला लागून असलेली खोली

डहाणूच्या ज्या बंगल्यात आम्ही दोघं निवृत्तीनंतर राहायला आलो, त्याचं धुराडं घराच्या आधी दिसतं. डांबरी रस्ता सोडून चिकूच्या वाडीत वळलं की झाडांच्या शेंड्यांवर विटांचा एक चौकोनी खांब दिसतो, मग कौलं, मग व्हरांडा. बंगला एका इराणी बागायतदाराने बांधलेला. त्याच्या नातवाने तो आम्हाला विकताना विहीर, पंप, वायरिंग आणि वाळवी यांची माहिती प्रामाणिकपणे दिली. धुराड्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्यांत राहून गेलेले प्रश्न शोधण्यात माझी सगळी हयात गेली होती. स्वतःचं घर घेताना हा एक प्रश्न माझ्याकडूनच राहून गेला.

दुसरी चूक याहून मोठी होती.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे लहान धक्के अधूनमधून बसतात. फळीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात आणि मोजायला सुरुवात करेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. सकाळी लोक एकमेकांना पावसाबद्दल विचारावं तसं विचारतात, "तुमच्याकडे होता का?" मी सवयीने वही ठेवली होती. वेळ, काय हललं, काय पडलं. दिवाळीनंतर एक धक्का नेहमीपेक्षा मोठा बसला आणि झोपायच्या खोलीत एक कौल निसटून पत्नीच्या कॉटच्या पायथ्याशी पडलं. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. त्या दिवसापासून तिने खोलीच्या मध्यभागी झोपायला नकार दिला.

आजूबाजूच्या पाड्यांवर अशा दिवसांत माणसं एक तर अंगणात झोपतात, नाही तर घरातल्या सर्वांत जाड भिंतीला लागून. मी मोजपट्टी घेऊन बंगल्यातल्या सगळ्या भिंती मोजल्या. झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत इतर भिंतींच्या दुपटीहून जाड निघाली. तिच्या डोक्यावर सागाची तुळई होती, म्हणजे कौल निसटलं तरी तिथे अडलं असतं. कॉट त्या भिंतीला लावली. पत्नीला जागा आवडली. सकाळी भिंतीला छान ऊब असायची. "माहेरी चुलीमागे झोपायचे तसं वाटतं," ती म्हणाली.

भिंत जाड होती, कारण ती आतून पोकळ होती. ऊब होती, कारण त्या पोकळीतून धूर वर जात होता. भिंत जाड आहे आणि ती उबदार आहे, या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. त्यांची सांगड मी घातली नाही.

स्वयंपाकघरात त्या धुराड्याखाली एक जुनी चूल आणि तांब्याचा बंब होता. पाड्यावरून कामाला येणाऱ्या मावशी उजाडायच्या आत बंब पेटवायच्या. मी त्या वेळी समुद्रावर फिरायला जायचो. पत्नी खोलीचं दार लावून सातपर्यंत झोपायची. थंडी सुरू झाल्यापासून ती डोकं धरून उठू लागली. मळमळ, जिभेवर चव नाही, आणि एका सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यात तोल जाऊन ती पडली. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर बदलायला सांगितला. नंबर बदलला. डोकं दुखायचं थांबलं नाही. भूकंपाच्या वहीतच मी उजव्या बाजूला एक रकाना आखला आणि रोज लिहू लागलो: डोकं, आहे किंवा नाही. दीड महिना तो रकाना मी भरला, पण कधी सलग वाचला नाही.

वाचायला लावलं ते मावशींनी.

"साहेब, बाईंचं डोकं रविवारी का नाही दुखत?" भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. रविवारी मी येत नाही. सोमवारी विचारलं की बाई सांगतात, काल बरं होतं. दर सोमवारी."

"योगायोग असेल."

"असेल. वहीत बघा ना. एवढं लिहिता तर वाचता पण येत असेल."

मी वही आणली. प्रत्येक रविवारी 'नाही' होतं. शिवाय दोन मधले दिवस होते, आणि त्या दिवशी मावशी झाईला लग्नाला गेल्या होत्या. त्या नसल्या की बंब पेटत नव्हता. आम्ही गॅसवर पातेलं ठेवून भागवायचो. मावशींनी वहीत डोकावून पाहिलं नाही. त्या उठल्या, बंबातले निखारे चिमट्याने काढून अंगणात टाकले आणि म्हणाल्या, "आता हा बंद. माझ्या काकांना बोलावते, ते धुराडी साफ करतात."

काका येण्याआधी मी गावातल्या एका कंत्राटदाराला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं. "पाडून टाका, साहेब. गॅसच्या जमान्यात धुराडं कशाला?"

काका दोन दिवसांनी कैनाडहून सायकलवर आले. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस, पायाचे अंगठे बोटांपासून फाकलेले. ताडाच्या झाडावर आयुष्यभर चढणाऱ्यांचे पाय तसे होतात. ताडी काढणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या वडिलांना बागायतदारांनी धुराडी साफ करायला लावलं, कारण चढू शकणारी माणसं तीच होती. काम मुलाकडे आलं. झाईपासून चिंचणीपर्यंतचे जुने बंगले आणि भट्टीच्या बेकऱ्या त्यांना धुराड्यांवरून माहीत आहेत. मालक कोण, ते त्यांच्या लक्षात राहत नाही.

कंत्राटदाराचं मत मी त्यांना सांगितलं. त्यांनी आधी तुळईकडे पाहिलं, मग तिचं टोक जिथे टेकलं होतं त्या जागेकडे.

"ही कशावर उभी आहे? धुराड्यावर. ते पाडलं तर ही खाली, तिच्यामागे कौलं खाली. पाडायला अक्कल लागत नाय, सायब. आधी बघू तर."

बघण्याची सुरुवात राखेपासून झाली. चिमूटभर राख त्यांनी बोटांत चोळली आणि विचारलं, "जाळता काय?"

"चिकूची छाटणी," मावशी म्हणाल्या.

"कधीची?"

"यंदाची."

"ओली. पोरी, तुला घरात कोणी शिकवलं नाय का?"

"तुम्हीच शिकवायचं होतं. तुम्ही तर कायम झाडावर."

मग त्यांनी पत्नीकडे हातात धरायचा छोटा आरसा मागितला, चुलीपाशी उताणे पडले आणि आरसा धुराड्याच्या तोंडाखाली धरला. स्वतः पाहून झाल्यावर त्यांनी मला झोपायला लावलं. आरशात दूरवर आभाळाचा एक पांढरा तुकडा होता. तो चौकोनी असायला हवा होता. त्याचा एक कोपरा खाल्ल्यासारखा दिसत होता. "तिथे काहीतरी अडकलंय," ते म्हणाले.

त्यांची हत्यारं एका गोणीत मावली: दोर, शिंदीच्या पात्यांची घट्ट बांधलेली एक मोठी जुडी, तिच्याखाली लटकवायला पाट्याचा तुटलेला दगड, आणि एक खुरपं. शिडीवरून ते कौलांवर गेले. पाऊल टाकताना प्रत्येक वेळी ते वाशाच्या बरोबर वर पडत होतं. वासे खालून दिसतात, वरून नाही. एकही कौल तडकलं नाही.

"काका, सांभाळून! कौल फुटलं तर बाई बाकावर उभं करतील," मावशी खालून ओरडल्या. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती हे मावशींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"मी शाळेतच गेलो नाय. मला कोण उभं करणार?"

वर गेल्यापासून ते अखंड बोलत होते. वारा कुठला आहे, विटा कशा आहेत, शेजारच्या वाडीत पंप बिघडलाय. मावशी खालून दर वाक्याला "हूं" म्हणत होत्या. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "ताडावर चढलेल्याने बोलत राहायचं. खालच्याने हुंकार द्यायचा. बोलणं थांबलं की वर बघायचं. काकांनी लहानपणी मला हेच काम दिलं होतं."

जुडी दोराला बांधून त्यांनी धुराड्यात सोडली आणि विहिरीत बादली बुचकळावी तशी वरखाली केली. खाली चुलीवर ओली गोणपाटं लावलेली होती. तीन घमेली काजळी निघाली, साळुंकीची दोन घरटी आणि धक्क्यात सुटलेली अर्धी वीट. आरशातला कोपरा त्या विटेने खाल्ला होता. काकांनी काजळी हातावर घेऊन पत्नीला दाखवली. भुगा होता तो साधा. पापुद्रे होते ते ओल्या लाकडाचे. काही तुकडे डांबरासारखे चमकत होते.

"हे पेटतं, बाई. हे पेटलं की धुराडं तोफेसारखं वाजतं. चिंचणीला एका बेकरीचं वाजलं होतं."

मला वाटलं काम झालं. धूर अडत होता, अडथळा निघाला. मी तसं म्हटलंही.

"अडला तर स्वयंपाकघरात यायला पाहिजे," काका म्हणाले. "बाईंच्या खोलीत कुठून गेला?"

बातमीतला हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

त्यांनी वर जाऊन धुराड्याचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद केलं, खाली चुलीत मूठभर ओला पेंढा पेटवला आणि आम्हा तिघांना घराभोवती पाठवलं. एकाने बाहेरून बघायचं, एकाने माळ्यावर, एकाने खोलीत. बाहेरच्या गिलाव्यात एक लांब तडा होता. धक्क्यांनंतर मी त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि माझा सगळा संशय त्याच्यावर होता. त्यातून काहीही आलं नाही. खोलीतून पत्नीची हाक आली. कॉट पुढे ओढल्यावर, उशी जिथे असायची तिथून हातभर वर, चुन्याच्या सफेदीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती. ती रेघ वळत वळत गोल झाली. थाळीएवढा गोल.

काकांनी खुरप्याच्या टोकाने सफेदी काढली. आत गंजलेला पत्रा होता. पूर्वी ती खोली न्हाणीघर असणार. तिथे दुसरा बंब असणार आणि त्याची नळी याच धुराड्यात जात असणार. बंब गेला, भोक पत्र्याने झाकलं, वर सफेदीचे हात बसत गेले. पत्रा धक्क्याने सैल झाला आणि त्याच आठवड्यात आम्ही उशी तिथे नेली.

"कॉट इथे कोणी लावली?" काकांनी विचारलं.

"यांनी," पत्नी म्हणाली. "भिंती मोजून."

काका माझ्याकडे बघून हसले नाहीत. "जाड भिंत बघून सगळे तिथेच जातात," एवढंच म्हणाले. "ठोकून कोण बघतो?"

भोक त्यांनी विटांनी आणि चुन्याने भरलं. मी सिमेंट सुचवलं. जुन्या चुन्यात सिमेंट धरत नाही, पुढच्या धक्क्याला गोळ्यासारखं निसटतं, असं त्यांनी सांगितलं. चुना सुकायला बारा दिवस दिले. रोज सकाळी मावशी ओल्या हाताने तो लिंपून जायच्या. बारा दिवस बंब बंद होता आणि डोक्याच्या रकान्यात बारा वेळा 'नाही' लिहिलं गेलं. पण त्यातून भिंतीबद्दल काही सिद्ध होत नव्हतं, हे आता मलाही कळत होतं.

तेराव्या सकाळी काका आले. पुन्हा पेंढ्याचा धूर करून झाला, कुठे रेघ दिसली नाही. माझ्या मते तेवढं पुरे होतं. त्यांच्या मते नव्हतं. दिसतो तो धूर वेगळा, म्हणाले, आणि निखाऱ्याचा दिसत नाही तो वेगळा. मावशींनी सुक्या सुरूच्या लाकडावर बंब पेटवला. काकांनी कॉट पुन्हा त्याच जागी सरकवली, खिडक्या लावल्या, उशी घेतली आणि भिंतीकडे डोकं करून झोपले.

"दार लाव, पोरी. तासभर."

"तुम्ही कशाला?" पत्नी म्हणाली. "काही झालं तर?"

"ज्याने भोक बुजवलं त्यानेच आधी झोपायचं, बाई. नायतर कोण विश्वास ठेवणार?"

मावशी दाराबाहेर बसल्या. आतून बोलणं सुरू झालं: यंदाची नाचणी, तलासरीच्या एका जुन्या विश्रामगृहाचं धुराडं, जावयाची मोटारसायकल. मावशी "हूं" म्हणत होत्या. "आवाज जड झाला तरी उघडायचं," त्यांनी मला हळूच सांगितलं. "थांबायची वाट नाही बघायची." त्या तासात त्यांनी डाळीला फोडणीसुद्धा दिली नाही. तासाने काका बाहेर आले, तोल जातोय का बघायला अंगणात एका पायावर उभे राहिले, डोळे मिटून दहापर्यंत मोजलं, आणि मग त्या घरातला पहिला चहा घेतला. तोपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

जाताना त्यांनी भिंत कायमची ठीक झाली असं म्हटलं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर बंब पेटवायच्या आधी बोलवा, आणि धक्क्याने तांब्या पडला की लगेच बोलवा. लाकूड एक पावसाळा छपराखाली सुकवा. कॉट समोरच्या कोपऱ्यात न्या, तिथेही वर तुळई आहे.

कॉट हलली. पण त्याआधी पत्नीने एक सकाळ मागितली.

"मी झोपले होते तिथे, मीच बघणार," ती म्हणाली. "मला ती भिंत घाबरवायला नको. स्वयंपाकघरात जायचंय रोज."

दुसऱ्या दिवशी बंब पेटला. ती त्याच भिंतीकडे डोकं करून झोपली, दार लागलं. बाहेर मावशींनी मला पाट दिला आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बसा."

मी वही घेऊन बसलो. आतून पत्नी बोलू लागली. आधी उगाच, काय बोलावं न सुचून. मग शाळेतली मुलं, मग मी समुद्रावरून येताना चपला धूत नाही त्याबद्दल, सविस्तर. मी लिहायला पेन उघडलं.

"अहो!" आतून आवाज आला, स्वच्छ, वर्गात मागच्या बाकावर पोचावा असा. "हुंकार कुठंय?"

मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "हूं."