जाताना जुना, येताना नवा

बाई आधी फुंकर मारायच्या. मग इअरफोनचं एक बोंड पदराच्या टोकानं पुसायच्या आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्यापुढे धरून म्हणायच्या, "हं, हे तुमचं." शेजारचा नको म्हणाला तरी हात मागे जायचा नाही. गाडीच्या धक्क्यांबरोबर हलत तो तसाच हवेत राहायचा, आणि शेवटी समोरचाच ओशाळून ते बोंड कानात घालायचा. वर काही बोलायला गेला की बाईंचं दुसरं वाक्य तयार असे. "बिलकुल बोलू नका. आधी ऐका."

बोंड हा शब्द त्यांचाच. कापसाच्या मुलखातल्या बाई, कानात घालायच्या गोल वस्तूला दुसरं काय म्हणणार?

जाफराबादहून टेंभुर्णीला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमधली ही गोष्ट. मी टेंभुर्णीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो, बाई तिथल्याच दुसऱ्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळायच्या. राहायला दोघंही जाफराबादला. आमच्याकडे ह्याला अपडाउन म्हणतात, आणि तुमच्यापैकी ज्यांनी ते केलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको की मास्तरांची अर्धी नोकरी वर्गात होते आणि अर्धी गाडीत. गाडी अन्वरभाईची. ती भरल्याशिवाय हलायची नाही, आणि कधी भरली हे ठरवायचा हक्क फक्त त्याला होता. आम्हाला वाटायचं आता पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा तो कोणाला तरी हाक मारून म्हणायचा, "या, बसा, गाडी रिकामीच हाय."

बाईंच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये वॉकमन, आणि वॉकमनमधून निघालेला तो इअरफोन. त्याचं रूप काही पाहण्यासारखं नव्हतं. स्पंज केव्हाच गळून पडलेले, मधे दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी, प्लगजवळ एका मेकॅनिकनं डाग देऊन केलेली दुरुस्ती. दोन कानांच्या वायरी जिथे एकत्र येतात तिथून बाईंनी त्या ब्लेडनं खालपर्यंत चिरून मोकळ्या केल्या होत्या. त्यामुळे एक बोंड बाईंच्या कानात आणि दुसरं, शेजारी जागा करता आली नाही तर, मधे बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून पार खिडकीपाशी पोचायचं. मधला माणूस बिचारा वाळत घातलेल्या दोरीखालून जावं तसा मान वाकवून बसायचा.

दुसरं बोंड कोणाला मिळणार हे बाई ठरवायच्या. चढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघायच्या, तेवढ्यावर निकाल. ज्याचं घरी वाजलं असेल, ज्याचं पोर नापास झालं असेल, जो रात्रभर दवाखान्यात बसून आला असेल, त्याला जागा बाईंच्या शेजारी. माझी बदली वाटूरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होणार अशी बातमी आली त्या सकाळी मी गाडीत चढलो. मला वाटत होतं की माझा चेहरा नेहमीसारखा आहे. बाईंनी शेजारच्या भाजीवाल्या मावशींना कोपरानं सरकवलं आणि माझ्यासाठी वीतभर जागा केली. टेंभुर्णी येईपर्यंत आम्ही दोघं एकच भावगीत पुन्हा पुन्हा ऐकत होतो. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आता बोला, काय झालं?" मी सांगितलं, पण तोवर त्यातली अर्धी आग गेली होती. पुढे ती बदली झालीही नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंचा डावा कान वाजायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी कान तपासला आणि पहिला प्रश्न विचारला की कानात मोठ्यानं काय लावता. जीपच्या घरघरीत गाणं ऐकू यावं म्हणून बाई आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवून ठेवायच्या. डॉक्टर म्हणाले, हे असंच चालू राहिलं तर कान जाईल.

बाईंचा मुलगा पुण्याला नुकताच नोकरीला लागला होता. त्यानं ऐकलं आणि पुढच्या खेपेला येताना नवा इअरफोन घेऊन आला. चकचकीत डबी, आत रबरी टोकांचा जोड, कानाच्या आत घट्ट बसणारा. बाहेरचा आवाजच आत येत नाही, त्यामुळे गाणं हळू लावलं तरी पुरतं. मुलानं बजावलं, "आई, जुनं ते भंगार फेकून दे. मी दर रविवारी फोन करून विचारणार, वापरतेस का म्हणून."

सोमवारी बाई नवा जोड घेऊन आल्या. अख्खी गाडी माना लांब करून बघत होती. त्याच दिवशी शेजारची जागा खरात सरांना मिळाली. खरात सर गणिताचे, माझ्याच शाळेतले, बोलण्यात इतके काटकसरी की हजेरी घेतानासुद्धा आडनावं गाळायचे. बाईंनी रबरी बोंड पुसलं, पुढे केलं, "हं, हे तुमचं." सरांनी ते जपून कानात घातलं आणि टेंभुर्णीपर्यंत मान डोलावली. मंगळवारीही डोलावली. बुधवारी उतरल्यावर बाईंनी त्यांना विचारलं, "काय सर, कशी हाय गाणाऱ्या बाईची गायकी?"

खरात सर चपलेकडे बघत म्हणाले, "तबला चांगला वाजवून राह्यला. बासरीबी हाय. बाई कधी येती त्याची वाट पाहून राह्यलो."

तीन दिवस त्या माणसानं गाणारीची वाट पाहिली होती, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून मान डोलावली होती. मी रस्त्यातच हसत सुटलो. बाईंनी मात्र वॉकमन काढला, आधी एक बोंड ऐकलं, मग दुसरं. एका बाजूला गाणारी, दुसऱ्या बाजूला नुसता तबला आणि बासरी. त्यांचा चेहरा उतरला.

रविवारी फोनवर मुलानं उलगडा केला. नव्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्या कॅसेटमधलं गाणं मुळातच दोन कानांत वाटून दिलेलं होतं, दोन्ही बोंडं एकाच माणसाच्या कानात असली की ते पुरं होतं. चूक जुन्यात होती. आमच्या मेकॅनिकनं प्लग दुरुस्त करताना दोन्ही वायरी एकाच ठिकाणी डागून टाकल्या होत्या, म्हणून दोघांना सगळं गाणं मिळायचं. इतकी वर्षं आम्ही त्या बिघाडावर जगत होतो.

मग गाडीत पंचायत बसली. तुम्ही म्हणाल, कानात घालायच्या वायरीवर एवढं काय बोलायचं? पण अपडाउनच्या गाडीत ह्याहून लहान विषयांवर भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

अन्वरभाई आरशात बघून म्हणाला, "बाई, जुनंच बरं व्हतं. परवा खिडकी लावू का म्हणून दोनदा इचारलं, तुमचं ध्यानच न्हाई."

खरात सर म्हणाले, "जुन्यात बाई व्हती."

मी मराठीचा मास्तर, मला थोडक्यात बोलता येत नाही. एकट्यानं घेतलेलं सुख आणि वाटून घेतलेलं सुख, असं काहीतरी मी लांबण लावून बोललो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, हे तुम्ही माझ्यासाठी बोलून राह्यले का तुमच्या कानासाठी?"

गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "घरी सासूबाईंचं सगळं जाग्यावर. शाळेत पोरं. ह्या गाडीत तेवढं मला एकटीला बसायला मिळतं."

एका बाजूनं मी त्यांना चेपत होतो, दुसऱ्या बाजूनं भाजीवाल्या मावशींची पाटी, पायाशी कोणाची तरी कोंबडी. आणि बाई म्हणत होत्या, एकटीला बसायला मिळतं. पण कोणालाच हसू आलं नाही.

"इतक्या वर्षांत एक गाणं मी दोन्ही कानांनी ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता कान चाललाय. तो जायच्या आधी एकदा ऐकावं का न्हाई, तुम्हीच सांगा."

त्या दुसऱ्या बोंडातून आम्ही सगळ्यांनी आपापली दुखणी हलकी करून घेतली होती, आणि ते बोंड बाईंच्या कानातून काढलेलं आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर जुना इअरफोन जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं.

पुढचे काही दिवस पर्स उघडलीच नाही. बाई नुसत्या बसायच्या. मुलाचा रविवारचा फोन आला की त्याला काय सांगत असतील, देव जाणे. गाडीतली माणसं उगाच हवापाण्यावर बोलायची आणि कोणी तोंड पाडून चढला तर त्याला जुन्या सवयीनं बाईंच्या शेजारी ढकलायची. तो बिचारा तिथे नुसताच बसायचा आणि अजून पडेल तोंडानं उतरायचा.

मग एका सोमवारी सकाळी बाईंनी पर्स उघडली. जुना इअरफोन काढला, फुंकर मारली, पदरानं पुसला, शेजारच्या ग्रामसेवकापुढे धरला. "हं, हे तुमचं." स्वतःच्या डाव्या कानाऐवजी आता उजव्यात घातला, आणि आवाजाचं चाक निम्म्यावरच थांबवलं.

संध्याकाळी परतताना त्याच पर्समधून नवी डबी निघाली. दोन्ही रबरी बोंडं बाईंच्या दोन्ही कानांत. घालण्याआधी त्यांनी गाडीला उद्देशून जाहीर केलं, "सकाळी मला ऐकायचं नसतं, ऐकवायचं असतं. ते हळू आवाजातबी चालतं. पण येताना कोणी मला बोलायचं न्हाई. संध्याकाळ माझी."

अन्वरभाई म्हणाला, "बराबर हाय." सकाळचा हळू आवाज ऐकू यावा म्हणून तो त्या दिवसापासून चढावरही गाडी रेटेनासा झाला. आम्ही शाळेत उशिरा पोचायला लागलो, पण तक्रार कोणी केली नाही. मुलालाही बाई आता छातीठोकपणे सांगायच्या, "वापरते की रे, रोज वापरते." त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि त्याच पहिल्या संध्याकाळी आम्हाला कळलं की बाई गातात.

कान दोन्हीकडून बंद, डोळे मिटलेले. आधी नुसती गुणगुण होती. मग शब्द आले. मग आवाज चढला, आणि गाव मागे पडेपर्यंत बाई चांगल्या खड्या आवाजात गायला लागल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आपण मनातल्या मनात गातोय अशी त्यांची पक्की समजूत असणार. सूर सगळीकडे जात होता, एक जागा सोडून, जिथे तो जायला हवा होता. बदलीच्या सकाळी मी ऐकलेल्या त्या भावगीताच्या एका ओळीत तर आवाज वर चढायच्या ऐवजी अलगद खाली उतरला, आणि पुढेही रोज त्याच जागी उतरायचा, न चुकता.

भाजीवाल्या मावशींनी तोंडाला पदर लावला. खरात सरांचे कान लाल झाले. मी बाईंना हात लावून सांगणार तेवढ्यात अन्वरभाईनं पुढून मानेनंच नको म्हटलं. त्यानं हॉर्नही वाजवला नाही, समोर बैलगाडी आली तेव्हा मुकाट मागे थांबला. जाफराबाद आलं, बाईंनी डोळे उघडले, बोंडं काढली, आणि आमच्याकडे बघून विचारलं, "काय हो, आज सगळे एवढे गप्प का?"

"काही न्हाई बाई," खरात सर म्हणाले. "दमलो."

मग हे रोजचंच झालं. रोज त्या गायच्या, रोज उतरताना विचारायच्या, आणि रोज आम्ही दमलेलो असायचो. हळूहळू पदर तोंडाला लावणं थांबलं. एकदा एक नवीन मास्तर पहिल्यांदाच गाडीत होते. हे काय चाललंय म्हणून ते बाईंना खूण करायला गेले. अन्वरभाईनं गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि मागे वळून शांतपणे सांगितलं, "सर, ऐकायचं आसल तर बसा. न्हाईतर मागून एस.टी. येऊन राह्यली." मास्तर बसले. आठवड्याभरात तेही डोळे मिटून बसायला लागले.

तुम्हाला वाटेल, बाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं. मलाही अधूनमधून वाटायचं. पण सांगितलं असतं तर त्या त्याच दिवशी गप्प झाल्या असत्या, आणि त्यांच्या हक्काची ती एक संध्याकाळही आम्हीच हिरावून घेतल्यासारखं झालं असतं. शिवाय, खोटं कशाला बोला, आम्हाला ते आवडायला लागलं होतं.

बाई निवृत्त झाल्या. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मुलानं पुण्याला नेलं. शेवटच्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्याच गायल्या, नेहमीसारखंच विचारलं, आणि आम्ही नेहमीसारखंच दमलो म्हणालो. फक्त त्या दिवशी खरात सरांना ते नीट म्हणता आलं नाही.

नंतरच्या वर्षी टेंभुर्णीतच एका लग्नात खरात सर आणि मी पंगतीत शेजारी बसलो होतो. मांडवातल्या कर्ण्यावर जुनी गाणी लागली होती, त्यात बाईंचं ते भावगीत लागलं. दोघांचेही हात ताटातच थांबले. वाढपी बुंदी घेऊन समोर आला, आम्हाला विचारून विचारून पुढे निघून गेला. ती ओळ आली, आणि गाणारीचा आवाज सरळ वर चढला.

खरात सरांनी मान हलवली. "चुकून राह्यली," ते म्हणाले. "तिथं खाली यायला पाहिजे."

"बराबर आहे," मी म्हणालो.

गाणं संपेपर्यंत आम्ही वाट पाहिली. ती ओळ पुन्हा पुन्हा आली, पण त्या गाणारीला ती एकदाही नीट म्हणता आली नाही.