मानाचं म्होरं

"तिकडं काय न्हाय साहेब. तिकडं घ्या."

पाटलानं काठी उचलून दाखवली. काठीचं टोक सरळ आमच्या महारवाड्यावर. तिकडं चुली पेटल्या व्हत्या. धूर दिसत व्हता. माझी आई दारात बसून जोंधळं पाखडत व्हती, ती बी दिसत व्हती. आणि हा म्हणतोय, काय न्हाय.

मी गवताचा भारा डोक्यावर घिऊन बांधाखाली उभी. पाटलानं मला बघितलं. बघून बी काठी खाली केली न्हाय. माणूस समोर उभं असलं की जीभ जरा तरी अडखळती. ह्याची अडखळली न्हाय.

बेळगावच्या उगवतीला आमचं गाव. गोऱ्या सरकारची लढाई चालू व्हती. इमानं उतरायला सरकारनं आमच्या माळावर पट्टी आधीच केलती. ती लहान पडाय लागली. मोठी इमानं येणार, पट्टी लांबवायची, म्हणून साहेब साखळ्या आणि झेंडे घिऊन आलता. गावाची मसुराची, जोंधळ्याची काळी रानं त्यात जाणार व्हती. सगळ्यात जास्ती पाटलाची. म्हणून त्यानं आमची घरं म्होरं केली. त्याच्या बापानं दिलेली असल्यागत.

साहेब काय तरी बोलला. त्याच्या कारकुनानं सांगितलं, पट्टी वळत न्हाय. सरळ उगवतीलाच जाणार. म्हंजे गावाची रानं बी गेली, आणि रानाच्या टोकाला आमची घरं, ती बी गेली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीच्या देवळाम्होरं गाव बसलं. आमी चपलांच्या पलीकडं. ठरलं असं की, रोलर आला की रानात आडवं बसायचं. कुणी हालायचं न्हाय. "ही जमीन आमची आई हाय!" पाटील वरडला. लोकांनी माना हलवल्या. काल आमची घरं साहेबाला दाखवताना ही आई कुठं गेलती, असं माझ्या तोंडापर्यंत आलतं. गिळलं.

मग त्यानं आमच्याकडं बघितलं. माझ्या बापाचं, आप्पाचं, वय त्याच्या बापाएवढं.

"ए बाळ्या, तुमची माणसं एकदम म्होरं बसवायची. बायका-पोरं बी. आणि हलगी घिऊन ये."

"व्हय जी," आप्पा म्हणाला.

घरी येताना आप्पा खूश. खरंच खूश. "गावानं मान दिला गं आपल्याला," म्हणाला. मला कळंना हसावं का रडावं. त्याचं बी काय चुकलं? लक्ष्मीच्या जत्रेत पालखीच्या म्होरं आमची हलगी असती. वाटेत नजर, रोगराई, भूत, जे काय आडवं येईल ते आधी हलगीवाल्याच्या अंगावर. मग पालखीला वाट मोकळी. असली गोष्ट, आणि तिला आमी मान म्हणत आलो. आज्जा म्हणत आला, पणजा म्हणत आला. आप्पानं रोलर बी तसाच धरला. घरी आल्या आल्या फेटा धुतला आणि वाळत घातला.

"आप्पा, तिथं पालखी न्हाय. लोखंडाचा रोलर हाय. पोलीस हाईत."

"गप बस गं. न्हाय गेलो तर गाव जगू दील व्हय?"

ते बी खोटं न्हवतं. न्हाय म्हटलं की बलुतं बंद, हिरीवरनं घागरीत ओततात ते पाणी बंद. व्हय म्हटलं की पोलिसाची काठी. वर आप्पा गावचा येसकर. सरकारचा हुकूम दवंडी पिटून सांगणारा तोच. सरकारच्या आडवं बसला तर चाकरी जाणार आणि तुरुंग बी. हिकडं गाव, तिकडं सरकार. कुणीकडं बी सरकलं तरी फास आमच्याच गळ्याला. आणि एवढं करून घर ऱ्हाईल म्हणावं तर ते बी कुणी बोलत न्हवतं. गावाच्या तोंडी रानंच. आमच्या घरांचं नाव न्हाय.

रोलर आला त्या सकाळी गेलो. ढेकळांत बसलो. म्होरं आमच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. मागं गाव. आणि मधी भुई मोकळी. तिथं एक गाडी आरामात वळली असती. आमची सावली पडाय नको म्हणून तेवढं अंतर. सरकारशी लढाय आलते, पण अंतर घरनं मापून आणलं व्हतं.

पलीकडं रोलर तापत व्हता. धुराचा लोट दिसाय लागला. ऊन चढलं. माझ्या शेजारी गंगाआक्का, तिच्या मांडीवर तान्ही पोरगी. पोरगीचा रडून रडून घसा बसला. गंगाआक्कानं मागं वळून हात जोडले.

"पाण्याचा घोट द्या जी. पोर लई रडतीया."

एक जण घागर घिऊन उठला. अर्ध्या वाटंत आला आणि थांबला.

"हिकडं ये. खाली बस. ओंजळ कर. लांबनं ओततो."

ती पोर काखंत घिऊन गेली. वाकली. त्यानं वरनं ओतलं. निम्मं पाणी ढेकळांनी पिलं, निम्मं तिच्या लुगड्यावर. पोरीच्या तोंडात बोटानं चार थेंब गेले. तो घागर पुसत माघारी गेला.

माझं टाळकंच सणकलं. अरं, मरायला बरोबर आणलंस ना? मग पाणी लांबनं कसलं देतोस?

मी उठले. त्या मोकळ्या भुईत जाऊन उभी ऱ्हायले. खोटं कशाला सांगू, लई भ्या वाटत व्हतं. पण तोंड उघडलं.

"पाटील, हिकडं या. आमच्या शेजारी बसा. मालकीणबाईंना गंगाआक्काच्या मांडीला मांडी लावून बसवा. मग आमच्या अंगावरनं रोलर जाऊ दे. आमी उठणार न्हाय."

मालकीणबाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं.

"बाळ्या," पाटील म्हणाला, "पोरगीला आवर. माजलीया ती."

आप्पानं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यानं तिथंच माझ्या कानाखाली जाळ काढला असता. आज हलगीवरचा हात उचलला न्हाय.

"आप्पा, उठा," मी म्हटलं. "मान नगं आपल्याला. उठा सगळी."

पैल्यांदा गंगाआक्का उठली. मग तिची सासू. मग एकेक करत सगळी बाया-माणसं. शेवटी आप्पा उठला. हलगी काखंत मारली. वाजवली न्हाय.

आमी बांधाला आलो तोवर पोलीस आले. "एळ्री! एळ्री!" कानडीत वरडत आले. उठा, उठा. काठी वर जायच्या आत गाव उठलं आणि पळालं. फेटं पडलं, चपला ऱ्हायल्या. आमी म्होरं असतो तर त्या काठ्या आमच्या पाठीवर मोडल्या असत्या, आणि मागनं ह्यांनी जयजयकार केला असता.

मला आनंद झाला असं म्हणू नका. आठवडाभरात आमच्या भिंतींवर सरकारच्या कुदळी पडल्या. आईनं लिंपलेली भिंत एका दणक्यात आडवी झाली. आई तिथंच मटकन बसली. मी बी रडले. मोठ्यानं रडले.

गाव म्हणालं, महारांनी दगा दिला, महारांनी गाव बुडवलं. पाणी बंद झालं. ओढ्याच्या झऱ्यावर जाऊन आमी वाटीवाटीनं घागर भराय लागलो. मग पाटलाचा निरोप आला, ओढ्यापलीकडं पट्टीच्या टोकाला ऱ्हावा, खालच्या अंगाला.

खालच्या अंगाला. आमच्याकडं वारं मावळतीचं. म्हणून महारवाडा कायम उगवतीला. आमच्या अंगावरनं गेलेलं वारं गावात शिरू नये म्हणून. गावाची घाण, गावाचा धूर, गावाचं मढं, सगळं वाऱ्याबरोबर आमच्याकडं येणार. घरं पाडली तरी तो कायदा पडला न्हवता.

आप्पानं गाठोडं उचललं आणि ओढ्याकडं तोंड केलं. मी ते त्याच्या डोक्यावरनं काढून घेतलं. मावळतीकडं चालाय लागले. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ हाय, तिथं नेऊन टाकलं. तीन दगड मांडले. चूल पेटवली. गंगाआक्का आली. बाकीची आली. आप्पा बराच वेळ खाली उभा व्हता. मग तो बी चढून आला.

सांजच्याला पाटील माणसं घिऊन आला. लाथ घालून चूल उधळली. इस्तू माळभर झाला.

"तुमच्यावरनं वारं गावात जातंय," तो म्हणाला. "कळतंय का तुमास्नी?"

"कळतंय की. म्हणूनच हितं आलोय."

मी दगड गोळा केले. हात भाजला. परत तिथंच मांडले आणि फुंकर घातली.

"पाटील, उद्या या. परवा या. रोज लाथ घाला. तुमचा पाय दमला की सांगा. ही चूल हितनं हालणार न्हाय."